पॅट्रिक गेडिसचं काम आज डीपीच्या हरकतीत वापरता येईल का? (गावठाणातली रस्तारुंदी)

पेठकरीण:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा मोठा आहे, वेळ काढून वाचा प्लीज. मी प्लॅनिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझं गाव सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. गावाचा नवीन विकास आराखडा (डीपी) प्रसिद्ध झालाय, हरकती-सूचना मागवल्यात, आणि त्यात आमच्या जुन्या पेठेतून बारा मीटरचा रस्ता सरळ रेघ मारल्यासारखा दाखवलाय. आत्ता तिथे जी गल्ली आहे ती कुठे तीन मीटर तर कुठे पाच, मध्ये वडाचा पार, एक आड, मारुतीचं देऊळ, आणि दोन पडके वाडे ज्यांचे वारस पुण्या-मुंबईत आहेत आणि आपसात केस चालू आहे. रस्ता झाला तर दोन्ही बाजूची घरं बाधित होणार, पार जाणार, आडही जाणार.

मला त्रास घरं जाण्याचा आहेच पण त्याहून दुसऱ्या गोष्टीचा जास्त आहे जी नकाशात कुठेच नाही. उन्हाळ्यात त्या गल्लीत दुपारी सावली असते म्हणून बायका दारातच बसून काम करतात, वाळवणं गच्चीवर आणि गप्पा खाली, पोरं शाळेतून आली की दप्तर टाकून तिथेच, आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं दिसली नाहीत तर कोणीतरी जाऊन कडी वाजवतं. हे सगळं रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे हे मला कळतंय पण हरकतीच्या अर्जात हे लिहायचं कसं? "आमची गल्ली छान आहे" असं लिहिलं तर कोण ऐकणार.

सेमिनारसाठी मी पॅट्रिक गेडिस घेतलाय. जमिनीचा वापर आणि तिथल्या माणसांचं बरं चालणं या दोन गोष्टी एकत्र बघणारा जुना नगररचनाकार म्हणून. आमच्या सरांचं म्हणणं तो आता इतिहासात जमा झालाय, परीक्षेपुरता ठीक. तर मला विचारायचंय की त्याने आपल्याकडे नक्की काय केलं, आणि त्यातलं काही आज सुनावणीत मांडण्यासारखं आहे का? की हे नुसतं जुन्याचं कौतुक आहे?

नकाशावाला:
ताई, तुमच्या सरांचा मान राखून सांगतो, मी नगररचनेत नोकरी करून रिटायर झालोय आणि गेडिस मला परीक्षेनंतरच कळला, म्हणजे गावोगाव सर्व्हेला फिरायला लागल्यावर.

आधी माणूस कोण ते. जन्म 1854, स्कॉटलंड. मूळचा जीवशास्त्राचा, डंडीला वनस्पतिशास्त्राचा प्रोफेसर होता. 1886 मध्ये लग्नानंतर बायकोला घेऊन एडिंबराच्या जुन्या, गलिच्छ म्हणून नाव पडलेल्या वस्तीत राहायला गेला आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन चौक साफ करणं, भिंतींना रंग देणं, मोकळ्या कोपऱ्यात झाडं लावणं इथून सुरुवात केली. म्हणजे आधी राहिला, मग लिहिलं. भारतात आला 1914 च्या शेवटी, मद्रासच्या गव्हर्नरच्या बोलावण्यावर, आणि त्याचं नगररचनेचं अख्खं प्रदर्शन ज्या जहाजात होतं ते एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. मित्रांनी पुन्हा नकाशे-चित्रं गोळा करून पाठवली आणि 1915 मध्ये मद्रासला प्रदर्शन झालंच. त्याच वर्षी आपल्या मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा आला. मुंबई इलाख्यातल्या गावांवर त्याने 1915 मध्ये अहवाल लिहिले त्यात ठाणंसुद्धा आहे. पुढे 1919 पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्रोफेसर, 1924 पर्यंत. त्याच्यानंतर तो विभाग ज्यांनी सांभाळला ते समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये आपले मालवणचे.

आता तुमच्या कामाचं. त्या काळात इंजिनियर लोकांची पद्धत काय होती तर जुन्या दाट वस्तीवर पट्टी ठेवायची, चौकटी-चौकटीचे रस्ते मारायचे, मध्ये जे येईल ते पाडायचं, आणि कारण द्यायचं प्लेगचं. गेडिसने याच्या उलट केलं. तो गल्ल्यागल्ल्यांतून पायी फिरायचा, नकाशावर प्रत्येक विहीर, झाड, देऊळ, पडकं घर, रिकामी जागा टिपायचा, आणि मग बघायचा की कमीत कमी काय काढलं तर जास्तीत जास्त हवा, उजेड आणि वाट मिळेल. बहुतेक वेळा उत्तर पडक्या घरांत आणि रिकाम्या जागांत सापडायचं. ती दोन-चार मोकळी केली की छोटे चौक तयार होतात, ते एकमेकांना जोडले की वाट होते, आणि राहती घरं राहतात. या पद्धतीला तो जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणायचा. तंजावरचं उदाहरण बघा, तिथे जुन्या भागातून सरळ नवे रस्ते काढायचा जो प्लॅन होता त्याचा खर्च कमीत कमी 30,000 रुपये धरला होता, गेडिसने तोच भाग फिरून जो उपाय दिला त्याचा अंदाज 5,000. आणि त्यात लोक कुठे हाकलले जात नव्हते. त्याचं सारखं सांगणं हेच की वस्ती पाडली की गर्दी कमी होत नाही, ती माणसं शेजारच्या वस्तीत कोंबली जातात आणि आजार तिथे वाढतो.

तुमच्या पेठेत दोन पडके वाडे आहेत म्हणताय. पहिलं काम ते मोजा. त्यांच्या जागेतून वळवून वाट निघते का, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला थांबायला जागा होते का, हे कागदावर काढून दाखवा. अधिकाऱ्यासमोर "रस्ता नको" म्हणून गेलात तर तुमची हरकत बाकीच्यांच्या ढिगात जाते, "रस्ता असा घ्या" असा नकाशा घेऊन गेलात तर त्याला तो बघावा लागतो. हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय.

दुसरं, एमआरटीपी 1966, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, कलम 25. आराखडा करायच्या आधी विद्यमान जमीन वापराचा सर्व्हे करून नकाशा करणं बंधनकारक आहे. आधी पाहणी मग आराखडा, हे गेडिसचं तत्त्व आपल्या कायद्यात आहेच. फक्त त्या नकाशात पेठ म्हणजे पिवळा रंग, निवासी, संपलं. पार, आड, खाली दुकान वर घर, दारात चालणारा धंदा, यातलं काही पिवळ्यात दिसत नाही. तो विद्यमान जमीन वापराचा नकाशा, ज्याला ईएलयू म्हणतात, मागवा आणि प्रत्यक्षाशी ताडून बघा. मुंबईच्या बाबतीत काय झालं आठवतं ना, 2034 च्या आराखड्याच्या ईएलयूमध्येच लोकांनी ढिगाने चुका दाखवल्या, फेब्रुवारी 2015 मध्ये मसुदा आला आणि एप्रिलमध्ये तो बाजूला ठेवून पुन्हा करायला सांगावं लागलं. पाहणीतली चूक सिद्ध झाली की वरचा आराखडा डळमळतो, हा मुद्दा भावनेचा नाही, कायद्याचा आहे.

इंदूरकर मामी:
पेठकरीण, तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही. आम्ही चार पिढ्या इंदूरचे, होळकरांच्या चाकरीत आलेलं घराणं, आणि गेडिसचा सगळ्यात मोठा अहवाल आमच्या इंदूरचाच, 1918 चा, दरबाराला दिलेला, दोन भागांत. त्यात नद्या आहेत, खान आणि सरस्वती, घाट आहेत, गिरणीकामगारांची घरं आहेत, बागा, विद्यापीठ, सगळं.

पण तुला सांगायचंय ते दिवाळीचं. तेव्हा शहरात प्लेग होता. हा दाढीवाला साहेब नकाशे घेऊन गल्लीत शिरला की लोक घाबरायचे, कारण साहेब मोजायला आला म्हणजे घर पाडणार हे लोकांना माहीत झालेलं. त्याने दरबाराकडे मागणी केली की मला एका दिवसाचा महाराजा करा. आणि मग जाहीर केलं की या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या भागातली घरं आणि गल्ल्या सगळ्यात जास्त साफ-दुरुस्त असतील तिथून जाणार. झालं, अख्खं शहर लागलं कामाला, गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर पडला, उंदरांचे सापळे लागले. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, घाणीचा राक्षस होता, प्लेगचा मोठा उंदीर होता, आणि मागून झाडूवाले स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार, झाडूंना फुलं. त्यांच्या मागे लक्ष्मी. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. तुळशीची रोपं वाटली.

मला यातलं जे पटतं ते असं की त्याने लोकांना आरोग्याचं भाषण दिलं नाही, त्यांच्या सणातूनच काम करून घेतलं. तुझ्या गावात हरकत एकट्या तुझी गेली तर ती एका शिकलेल्या मुलीची हरकत राहील. सप्ताह असेल, गणपती असेल, काहीतरी धर आणि पेठेलाच तिचा नकाशा काढायला लाव. कोण कुठे बसतं हे बायकांना विचार, त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याच ऑफिसात नसतं.

मागच्या आळीतला:
वरचं सगळं वाचलं, चांगलंच आहे, पण दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका.

मी पण अशाच तालुक्याच्या गावातला. पेठ, पार, आड ही चित्रं छान वाटतात पण आमच्या आजीला त्या आडाचं पाणी ओढायची परवानगी नव्हती. पारावर कोण बसायचं आणि कोणाला चपला हातात घेऊन पुढून जावं लागायचं हे पण त्याच गल्लीचा इतिहास आहे. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत खेड्याला अज्ञानाचं आणि संकुचितपणाचं घर म्हटलं ते उगाच नाही म्हटलं. म्हणून कोणी म्हणालं की जुनी वस्ती आहे तशी जपा, तर माझा पहिला प्रश्न असतो, कोणाचं बरं चाललं होतं त्यात?

गेडिसबद्दलच बोलायचं तर मामींनी सांगितलेली मिरवणूक मी पण वाचलीय. झाडूवाल्यांच्या गळ्यात हार पडले, मन भरून येतं हे खरं. पण दुसऱ्या दिवशी झाडू त्यांच्याच हातात होते. तो संस्थानिकांना आणि इंग्रज सरकारला सल्ला देत होता आणि वस्तीची जातीवर झालेली वाटणी ही त्याने बहुतेक करून धरूनच घेतली, मोडायचा विचार त्यात दिसत नाही. त्याचे बरेचसे अहवाल कागदावरच राहिले हेही आहे.

आता असं नका समजू की मी पाडापाडीच्या बाजूने आहे. मुंबईत प्लेगनंतर 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, दाट चाळी-वस्त्या पाडून रुंद रस्ते केले, आणि ज्यांची खोली गेली त्यातल्या गरिबांना नव्या इमारतीचं भाडं परवडणारं नव्हतं, ते गेले दुसऱ्या गर्दीत. पाडापाडीत सगळ्यात आधी आमचीच घरं जातात. गेडिसने तेव्हा हे बरोबर पकडलं होतं, तेवढं श्रेय त्याला आहेच.

पेठकरीण, तुला एकच सांगणं, नकाशा काढशील तेव्हा पेठेवर थांबू नको. पेठेच्या मागे जी वस्ती आहे, असणारच, तिथे नळ कुठे आहे, संडास किती जणांत एक, अँब्युलन्स कुठपर्यंत येते, पाऊस झाला की पाणी कुठे तुंबतं हे पण त्याच कागदावर आण. बारा मीटर नको म्हणताना अग्निशमनची गाडी कशी येणार याचं उत्तर तयार ठेव, कारण हा प्रश्न पहिला येणार आणि तो खोटा प्रश्न नाहीये. आणि पडक्या वाड्याच्या जागेत मोकळी जागा झालीच तर ती सगळ्यांची आहे हे आत्ताच लिहून घे, आरक्षण म्हणून, नावासकट.

सायकलवाला प्लॅनर:
आधीच्या तिघांनी मुद्दे घेतलेत, मी फक्त आकड्यांचं बोलतो कारण सुनावणीत आकडे लागतात आणि गेडिसकडे या बाबतीत आकडे कमी आहेत.

डोनाल्ड ॲपलयार्ड बघ. अमेरिकेत बर्कलीला नगररचना शिकवायचा. त्याने सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन शेजारशेजारच्या, बाकी सगळ्या बाबतीत बऱ्यापैकी सारख्या रस्त्यांची तुलना केली, फरक मुख्य एकच, गाड्या. एकावरून दिवसाला साधारण 2,000, दुसऱ्यावरून 8,000, तिसऱ्यावरून 16,000. मग घरोघर जाऊन विचारलं की या रस्त्यावर तुमचे मित्र किती, ओळखीचे किती. कमी गाड्यांच्या रस्त्यावर माणशी सरासरी 3 मित्र आणि 6.3 ओळखीचे. मधल्यावर 1.3 आणि 4.1. जास्त गाड्यांच्या रस्त्यावर 0.9 आणि 3.1. आणि लोकांना नकाशावर "तुमची जागा" दाखवायला सांगितली तेव्हा शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता दाखवला, गर्दीच्या रस्त्यावरच्यांनी आपली बिल्डिंग, कधी कधी त्याहूनही कमी. 1981 मध्ये हे पुस्तकरूपाने आलं आणि पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेत तो गेला. हे लिहिताना अजून वाईट वाटतं.

म्हणजे तू जे म्हणतेस ना की म्हातारी माणसं दिसली नाहीत तर कोणीतरी कडी वाजवतं, ते मोजता येतं. त्याचेच प्रश्न मराठीत कर. पेठेत घरोघर आणि गावातच ज्या रस्त्याची आधी रुंदी झालीय त्या रस्त्यावर पण घरोघर, दोन्हीकडे तेच प्रश्न. गाड्या मोजायला सकाळ-संध्याकाळ कॉलेजची पोरं बसव. एकाच गावातले दोन रस्ते समोरासमोर ठेवलेस की परदेशातलं उदाहरण म्हणून कोणी उडवून लावणार नाही. आणि मागच्या आळीतल्या दादांनी सांगितलेलं पण त्याच फॉर्ममध्ये घाल, ओळखीचे कोण, घरात येणं-जाणं कोणाशी, कोणाशी नाही. उत्तर काय येईल ते येऊ दे, लपवू नको.

गाड्यांचं अजून एक. पेठेतून बारा मीटरचा रस्ता काढला की तो पेठेसाठी राहत नाही, बायपास चुकवणारे सगळे त्यातून जाणार. आराखड्यात त्या रस्त्याची दोन्ही टोकं कुठे जोडलीत ते बघ, त्यावरून कळेल रस्ता कोणासाठी आहे.

पेठकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार, मी प्रिंट काढून भिंतीला लावलंय. मागच्या आळीतला दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी आईला विचारलं आणि ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली हो, आडावर वेगळं होतं. पेठेच्या मागची वस्ती आमच्या इथेही आहे, ओढ्याच्या कडेला, आणि माझ्या नकाशात ती नव्हती. आता घेते. तिथल्या दोन मुली माझ्या शाळेतल्याच आहेत, त्यांच्याशी काल बोलणं झालं, त्या म्हणाल्या आमच्याकडे रस्त्यापेक्षा आधी गटार मागा.

सायकलवाला प्लॅनर, दोन्ही टोकांचं बघितलं, रस्ता एका बाजूला एसटी स्टँडला आणि दुसऱ्या बाजूला नवीन प्लॉटिंग चाललंय तिकडे जोडलाय. नकाशावाला काका, ईएलयू पण मिळाला, त्यात एक पडका वाडा "निवासी" आणि मारुतीच्या देवळाची जागा रिकामी दाखवलीय!!

अजून एक विचारायचंय. आराखड्यात गावाबाहेरचं जुनं तळं पण बुजवून तिथे बगीचा आणि पार्किंग दाखवलंय, कारण डासांचं दिलंय. डेंग्यू होतो हे खरंच आहे दर पावसाळ्यात. गेडिसने तळ्यांबद्दल काही लिहिलंय का?

नकाशावाला:
लिहिलंय, आणि चांगलं लिहिलंय. त्या वेळी मलेरियाच्या भीतीने गावोगाव तळी बुजवायची टूम निघाली होती. त्याचं म्हणणं तळं बुजवू नका, साफ करा, पाणी हलतं ठेवा आणि त्यात मासे आणि बदकं सोडा, ती डासांच्या अळ्या खातील. मूळचा जीवशास्त्राचा माणूस, त्याला हे आधी सुचणारच. शिवाय तळं असलं की आजूबाजूच्या विहिरींना पाणी राहतं, हवा गार राहते, पावसाचं पाणी साठायला जागा मिळते, हे सगळं तो एकत्र बघायचा. आपल्याकडे आरोग्य खातं आज गप्पी मासे सोडतं ते याच जातीचं काम.

पण डेंग्यूचा मुद्दा वेगळा मांडा. डेंग्यूचा डास घराच्या आसपासच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, पिंप, कुंड्या, टायर, कूलर. तळं बुजवून तो कमी होत नाही. उलट नळाला पाणी चार दिवसांनी येतं म्हणून लोक पिंपं भरून ठेवतात, डास तिथे आहे. ओढ्याच्या वस्तीत पिंपं किती आहेत ते मोजा, नळाच्या वेळा लिहा, आणि तळ्याची हरकत आणि गटाराची मागणी एकाच अर्जात घाला, जोडून. ओढ्याचं पाणी कुठून येऊन कुठे जातं तेही दाखवा, कारण तळं बुजलं की पावसात ते पाणी पहिलं त्याच वस्तीत शिरणार.

ईएलयूमधली देवळाची चूक मात्र वेगळ्या अर्जावर, फोटो आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यासकट द्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका. सुनावणीला नियोजन समितीसमोर बोलायला वेळ थोडा मिळतो, तेव्हा दोन जण बोला, एक पेठेतलं आणि एक ओढ्याच्या बाजूचं. मुदत नोटिशीत लिहिलेलीच धरा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका, त्या दिवशी खिडकीवर रांग असते.